पुढचं सांगायचं नाही

बसमध्ये पुस्तक संपलं. शेवटचं वाक्य वाचलं, नाकापर्यंत आलेलं रडू रुमालात शिंकरलं, आणि सवयीप्रमाणे कानावरची पेन्सिल काढून शेवटच्या ओळीखाली बरोबरची खूण करायला गेले, तर खूण तिथे होतीच. आधी आला तो राग. ही कोणाची मेली हौस? पण पुस्तक नवंकोरं, मीच दुकानातून आणलेलं, कोणाला दिलेलं नाही; माझ्याकडे पुस्तक मागायला येतंय कोण? मग खूण जरा नीट पाहिली. तिच्या टोकाला खाली वळलेली बारीकशी शेपटी होती. तशी शेपटी या जगात एकच बाई काढते, आणि ती बाई त्या क्षणी खिडकीपाशी हातात पेन्सिल धरून, तोंड उघडं टाकून बसली होती. म्हणजे हे पुस्तक मी वाचलेलं होतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून, बहुतेक असंच नाक शिंकरून, खूण करून कपाटात ठेवलं होतं, आणि मग गेल्या आठवड्यात नवीन म्हणून उचललं होतं. त्यातल्या म्हाताऱ्या बाईचं घर विकत घेणारा माणूस तिचाच लहानपणी हरवलेला मुलगा निघतो, हे अगदी शेवटी कळतं, आणि मला ते आत्ता कळलं होतं. चांगला धक्का बसला होता. शेजारची बाई मघापासून माझ्याकडे बघत होती. "इतकं रडवणारं आहे का हो? नाव सांगा, मीही घेते." मी म्हटलं, "नका घेऊ. शेवट लक्षात राहत नाही." ती हसली. मीही हसले. माझा थांबा केव्हाच मागे गेला होता, पण तो पुस्तकाच्या नादात. तसा तो नेहमीच जातो. तसा तो नेहमीच जातो, असं मी मनाशी पुन्हा एकदा म्हटलं.

उलटं चालत घरी येताना मी स्वतःची समजूत घालत होते, आणि त्या कामात मी पटाईत आहे. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते मी; दिवसभर लोकांची समजूतच घालते. अहो, काही नाही, वयाचा नंबर आहे, सगळ्यांनाच लागतो. पन्नाशीत कोण विसरत नाही? आमच्या मालकीणबाई डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतात. पण त्या चष्मा विसरतात, चष्मा म्हणजे काय ते विसरत नाहीत, हा फरक मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे एक आजोबा येतात. गाडीचा परवाना नवा करायचा म्हणून दर खेपेला समोरचा तक्ता खडाखडा म्हणून दाखवतात, अगदी खालची मुंगीएवढी ओळसुद्धा. मी तक्ता बदलला तरी जुनाच म्हणतात. "आजोबा, तुम्ही वाचत नाही आहात, म्हणताय," मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "पोरी, म्हणता येतंय तोवर म्हणू दे की." तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. आता रस्त्याने चालताना वाटलं, गेले किती दिवस मीही म्हणतेच आहे का नुसती? गिऱ्हाइकाशी बोलते ते, मालकीणबाईंना सांगते ते, रात्री कुलूप लावताना पुटपुटते ते. समोरचा तक्ता कोणीतरी बदललाय आणि मी आपली जुनाच घोकते आहे. दाराशी उभी राहून किल्ली काढली, किल्ली बरोबर लागली, आणि त्याचा मला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच भीती वाटली.

खूण करायची ही सवय बाबांची. बाबा बाइंडर होते. खाली दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या, त्यामुळे आमच्या घराला कायम खळीचा वास. माझ्या वेणीलाही यायचा, शाळेत मुली नाक मुरडायच्या. जगाची पुस्तकं आमच्या घरात शिवली जायची आणि आमचं स्वतःचं पुस्तक वर्षातून एक. मोठ्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी बाबा एक जाडजूड कादंबरी घेऊन यायचे, सगळ्यांना बोलावून टेबलाशी बसवायचे, आणि सुरी घेऊन तिचा कणा सोडवायचे. दोरा कापायचे, घड्या सुट्या करायचे आणि पुस्तकाचे चार भाग करून समोर ठेवायचे. शेजारचे मास्तर एकदा ते बघून कळवळले. "अहो, पुस्तक फाडताय काय!" बाबा म्हणाले, "फाडत नाही हो, उसवतोय. फाडलेलं शिवता येत नाही." एक पुस्तक आणि वाचणारे चार, त्याला बाबांनी काढलेला हा तोडगा. पहिला भाग आधी बाबा वाचणार, त्यांचा झाला की आईकडे, आईचा झाला की दादाकडे, आणि सगळ्यांची बोटं फिरून मऊ झालेला तो भाग शेवटी माझ्याकडे. म्हणून माझं नाव शेपूट. आपला भाग संपला की शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने खूण करायची. बाबांची लांब तिरकी, आईची तांदळाएवढी, दादाची दोनदा गिरवलेली, माझी शेपटीची. चौघांच्या खुणा झाल्या की तो भाग शिवायला तयार. आणि नियम एकच: पुढे असलेल्याने मागच्याला पुढचं सांगायचं नाही. रडलात तर कोपऱ्यात जाऊन रडा, हसलात तर तोंडावर उशी धरा, पण सांगायचं नाही. सांगितलं की मजा जाते.

बाकीची मुलं सुट्टीत कुठे कुठे जायची. आम्हाला कोणी विचारलं की आई ठसक्यात सांगायची, "आम्ही जातो की. चौघं चार गावांना असतो." आणि ते खरंच होतं. एकाच खोलीत बाबा चौथ्या भागात, आई तिसऱ्यात, दादा दुसऱ्यात आणि मी पहिल्यात. दादाच्या तोंडाकडे बघून मी माझं भविष्य ओळखायला बघायची. तो पान उलटता उलटता एकदम थांबला आणि माझ्याकडे दयेने बघायला लागला की मी समजायची, माझ्या आवडत्या माणसाचं काही खरं नाही. "मरतो का रे?" मी विचारायची. "मला नाही माहीत." "खोटारड्या, तू पुढे आहेस." "पुढे आहे म्हणून तर," तो म्हणायचा आणि माझी वेणी ओढायचा. मी चिडून बाबांकडे गाऱ्हाणं न्यायची. बाबा म्हणायचे, "शेपटे, तुझी चैन आहे. आम्हा तिघांना काय काय झालं ते बघत बघत तू येतेस. पहिल्याला कोण असतं?" तेव्हा वाटायचं, समजूत घालायला म्हणतात. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी चारही भाग परत गोळा व्हायचे. बाबा दाभणाने भोकं पाडायचे, दोरा ओवायचे, आई खळ शिजवायची, दादा पुठ्ठा कापायचा, आणि मला काम म्हणजे शिवलेल्या पुस्तकावर वजन म्हणून बसायचं. मी बसायची. आईने हाक मारली तरी उठायची नाही. खाली सगळी गोष्ट पुन्हा एक होते आहे हे मला चक्क कळायचं. माझ्या आयुष्यात तेवढं सुख मला पुन्हा कशानेही झालं नाही, हे मी अगदी सरळ सांगते. नोकरीने नाही, आणि चार वर्षं टिकलेल्या लग्नाने तर मुळीच नाही.

मग ती सुट्टी. मी कॉलेजात होते, दादा नुकता नोकरीला लागला होता, तरी सुट्टीला पुस्तक उसवायचंच. शेवटच्या दिवशी बाबांनी शिवलं. दादाने सहज उघडून चाळलं आणि तो खो खो हसत सुटला. "बाबा, अहो, गेल्या पानावर ज्याला पुरला तो इथे बसून चहा पितोय!" तिसरा भाग दुसऱ्याच्या आधी शिवला गेला होता. आम्ही हसून लोळलो. आई हसली, बाबाही हसले. संध्याकाळभर कोणी चहाचा कप उचलला की दादा विचारायचा, "जिवंत आहात ना नक्की?" ज्या माणसाने हयातीत एक घडी इकडची तिकडे होऊ दिली नव्हती, तो माणूस हसता हसता स्वतःच्या हातांकडे बघत होता, उलटे करून, सुलटे करून, कोणी दुसऱ्याचे आणून लावलेत की काय अशा तऱ्हेने. मी ते पाहिलं आणि परत हसायला लागले. त्यानंतर बाबा हळूहळू सुटे होत गेले. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग जिन्याचा रस्ता, मग आम्ही. आईने डोळ्यांत तेल घालून त्यांना सांभाळलं आणि ते गेल्यावर वर्षाच्या आत ती स्वतः, काही न विसरता, उभ्या उभ्या छातीत कळ येऊन गेली. गॅस बंद करायला सांगून गेली. आई सुटली, असं आम्ही दोघं म्हणालो होतो, आणि म्हणताना एकमेकांकडे बघितलं नव्हतं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. बाबांना हे विसरणं लागलं त्याच वयात तो एका इमारतीत लिफ्ट दुरुस्त करून आत शिरला आणि आतच राहिला. लोक बटण दाबत, लिफ्ट वर जाई, खाली येई, आणि आत हा हत्यारांची पेटी घेऊन उभा. कोणीतरी विचारलं, कुठल्या मजल्यावर जायचंय? तर म्हणाला, "तेच आठवतोय." वहिनीने मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी आधी हसलो होतो. आमच्या घरात हे असंच येतं, आधी हसवतं. दादाच्या डॉक्टरबाई भल्या होत्या. कागदावर झाडासारखं काहीतरी काढून म्हणाल्या, हे घराण्यात चालतं; वडिलांकडून मुलाला आलंय, तुम्हालाही येईल किंवा येणार नाही, छापा किंवा काटा. रक्त तपासून आत्ताच कळेल, तपासू या का? मी पर्स उचलली. "नको," म्हटलं, "आमच्या घरात पुढचं सांगायची पद्धत नाही." त्यांना वाटलं, धीराची बाई आहे. कसला धीर! मी आपली दादाच्या मागे बसले होते, लहानपणी बसायची तशी, त्याच्या तोंडाकडे बघत. तो थांबला की समजायचं.

आणि आता हे पुस्तक. ते मी रात्रभर उशाशी ठेवलं आणि उघडलं नाही. वाचलेलं किती उरलंय ते बघायचा, स्वतःपुढचा तक्ता बदलायचा मला धीर होत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून दुकानाला सुट्टी होती. सुट्टीत मी दरवर्षी दादाकडे जाते, पण यंदा वहिनीने मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरत होतं, नंतर दोन महिने अंथरुणात काढायचे, आणि तेवढे दिवस दादाकडे कोणी बघायचं ते बोलायचं होतं. कोणी म्हणजे मीच. आणखी आहे कोण? सकाळी उठले, इस्त्री तापवली. हल्ली पुस्तकं शिवत नाहीत, नुसती चिकटवतात. कण्यावरून गरम इस्त्री फिरवली की डिंक पाघळतो आणि पानं सुटी होतात. बाबांनी हे बघितलं असतं तर कपाळावर हात मारला असता. चार भाग केले, चारीला दोरा बांधला. का केलं, तर मला पुन्हा एकदा दादाच्या मागून वाचायचं होतं. त्याला विचारायचं होतं. डॉक्टरांना नव्हे, त्याला. तो तिथे पोचलाय, मी दाराशी उभी आहे, आणि आत काय आहे ते सांगू शकेल असं या जगात दुसरं कोणी नाही. दुखतं का? कळतं का? नावं जातात तेव्हा जाताना दिसतात का, की वळून बघावं तर कोणी नाही? आणि वहिनीला सांगायचं होतं की बाई गं, माझ्यावर विसंबू नका, मी उद्या गॅस चालू ठेवीन आणि दोघांना जाळीन. हे दोन्ही मी दादाच्या दारापर्यंत घोकत गेले.

वहिनीने दार उघडलं ते बोलतच. "या, वन्सं! तुमच्या भावाने आज मला विचारलं, बाई, तुमचं लग्न झालंय का? म्हटलं, झालंय, पण नवरा लक्ष देत नाही. तर म्हणतो, सोडून द्या त्याला." आणि हसता हसता त्यांनी मला दंडाला धरून आत ओढलं. वहिनी फार वाळल्या होत्या. भिंतीला हात लावून चालत होत्या. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, स्वच्छ दाढी केलेला, शर्टाची सगळी बटणं लावलेला, गळ्याचंसुद्धा. माझ्याकडे बघून तो हसला. कोणाकडेही बघून हसतो तसा. मी त्याच्या मांडीवर चार भाग ठेवले. त्याने त्यांवर हात ठेवला आणि तो हात तिथे स्थिरावला. वरचा भाग त्याने उचलला, दोरा सोडला, पान उघडलं. "बघा, वाचतो हं अजून," वहिनी कुजबुजल्या, "तेच तेच पान वाचतो, पण शांत बसतो. दिवसभर मागे मागे असतो हो माझ्या. परवा मी न्हाणीघरात रडायला गेले तर बाहेरून दार वाजवतोय, आत कोण आहे, आत कोण आहे. त्याला काय सांगू, आत कोण आहे?" मग स्वयंपाकघरात चहा टाकता टाकता, माझ्याकडे पाठ करूनच त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून मी ऑपरेशनला हो म्हणतेय. नाहीतर अशीच लंगडत मेले असते. तुम्ही बघाल ना त्याच्याकडे?" मी तोंड उघडलं. सगळं घोकलेलं होतं, पहिला शब्द ओठावर होता. वहिनीची पाठ दिसत होती. त्या पाठीला वर्षानुवर्षं कोणी टेकायला दिलेलं नव्हतं. "बघेन की," मी म्हटलं. "म्हणजे काय! बघेन." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि साखर दोनदा घातली. दोनदा घातली ते माझ्या लक्षात आलं होतं, एवढंच धरून मी उभी राहिले.

चहा घेऊन बाहेर आले तर दादाने सगळ्या भागांचे दोरे सोडले होते आणि त्याच्या हातात नेमका शेवटचा होता. शेवटचं पान डोळ्यांजवळ धरून तो बघत होता. मग त्याने मान वर केली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं. कोणाकडेतरी नव्हे, माझ्याकडे. "शेपटे," तो म्हणाला, "तू आधीच वाचलंस?" मी कप खाली ठेवला. त्याने त्या खुणेवर बोट ठेवलं होतं. तिच्या वर बाबांची नव्हती, आईची नव्हती, त्याची नव्हती, नुसती शेपटी. "रांग मोडलीस," तो म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा पडला होता. "माझ्या आधी कशी गेलीस? मी पुढे होतो." मी त्याच्या खुर्चीपाशी खाली बसले. "नाही रे दादा, नाही गेले. वाचलं असेल, पण मला आठवत नाही. काहीसुद्धा आठवत नाही." ते वाक्य मी जगात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. आणि मला तो चेहरा ओळखू आला. पान उलटता उलटता थांबलेला, माझ्या आवडत्या माणसाचं काही खरं नाही हे आधीच कळलेला तो चेहरा. फक्त या वेळी ते माणूस मी होते. मी त्याचा गुडघा घट्ट धरला. "दादा, पुढे काय आहे? एकदाच सांग. मला भीती वाटते रे. तू पुढे आहेस ना, सांग ना." त्याचे ओठ हलले. तो सांगणार होता, मी शपथेवर सांगते, त्याच्या तोंडात शब्द आला होता. मग त्याने ओठ मिटले आणि माझ्या विरळ पांढऱ्या केसांत हात घालून, वेणी शोधल्यासारखं करून, हलकेच ओढलं. "काय कुजबुजताय भाऊबहीण?" वहिनीने आतून विचारलं. "काही नाही," दादा म्हणाला, "सांगायचं नाही."

मग त्याने माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. दुकानातून येताना ती तिथे राहते. पण काल दुकानातून आले होते, आज नव्हे, ते माझ्या आत्ता ध्यानात आलं. पहिल्या भागाचं शेवटचं पान काढून त्याने सावकाश खूण केली. एकदा काढली, आणि तिच्यावरूनच पुन्हा गिरवली. भाग नीट जुळवला, कडा मांडीवर ठोकून सारख्या केल्या, दोरा बांधायला गेला, ते काही जमेना, तसाच माझ्या हातात दिला. त्याची नजर माझ्यावरून सरकून पलीकडे गेली होती, टेबलाकडे, जिथे काही नव्हतं. "घे, माझा झाला," तो म्हणाला. "लवकर वाच. बाबा शिवायला थांबलेत."